पुंडलीकबाबांचं दुसरं गाऱ्हाणं

माझी पहिली बातमी पुंडलीकबाबांनी छापायला पाठवलीच नाही. पाळी या गावात पाण्याच्या टाकीवरून काहीतरी गडबड झाली होती. मी पाळीचीच, त्यामुळे मला वाटलं, ही तर घरची बातमी. मी झोकात लिहिलं, ‘ग्रामस्थांत तीव्र संताप.’ पुंडलीकबाबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाय, ग्रामस्थ म्हंजे कोण गो?"

"म्हणजे... गावचे लोक."

"तुका भेटले किती?"

"सरपंच, त्यांचा भाऊ आणि एक दुकानदार."

"बरां. मगे तसां लिही. सरपंच रागावलो, सरपंचाचो भाव रागावलो आनी एक दुकानदार रागावलो. बाकीचो गाव रागावलो काय हसलो, तां तुका म्हायत नाय."

मी हिरमुसले. पत्रकारितेची पदवी घेऊन नुकतीच आले होते आणि ‘तीव्र संताप’ हे दोन शब्द मला फार आवडत होते. संध्याकाळी मी मुकाट्याने पुन्हा पाळीला गेले. गावात निम्म्या लोकांना टाकीचं भांडण माहीतच नव्हतं. ज्या बायकांच्या नळाला पाणी येत नव्हतं त्या सरपंचावरच चिडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी जी बातमी लिहिली ती पहिलीच्या अगदी उलटी होती. पुंडलीकबाबांनी ती वाचली आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्यांच्या शाबासकीची पद्धत तेवढीच होती, हे मला नंतर कळलं.

आमच्या वृत्तपत्राचं तालुका कार्यालय गोव्यात साखळीच्या बसस्टँडामागे होतं. खाली पदेराची, म्हणजे पाववाल्याची भट्टी आणि वर आम्ही. पुंडलीक परब तिथले मुख्य वार्ताहर. मूळचे पेडणे तालुक्यातले, घरही तिथंच. रोज पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून साखळी अशा बसगाड्या बदलत यायचे. बदली मागून घ्या असं सगळे म्हणत, पण बसमध्ये जे ऐकायला मिळतं ते पेडण्यात बसून कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. अंगानं काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चालताना मान थोडी पुढे काढलेली, कोणीतरी हळू बोलतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही अशी. भट्टीतून गरम उंडो वर आला की आधी आतला मऊ पाव काढून खायचे आणि कडक कवच चहात बुडवायला शेवटी ठेवायचे. त्या वेळात कोणी ताजी बातमी आणली तरी त्याला थांबावं लागे.

कार्यालयात एक टीव्ही होता. संध्याकाळी त्यावर चर्चा सुरू झाल्या की पुंडलीकबाब उठून आवाज बंद करत. पहिल्यांदा मला वाटलं, आवाजाचा त्रास होतो. तर तसं नव्हतं. ते खुर्ची ओढून त्या मुक्या टीव्हीसमोर बसत आणि मन लावून बघत. "आता बघ," ते मला म्हणत, "कोणाक मधीच तोडतत बघ. कोणाची चौकट ल्हान केली बघ. हो मनीस मघासपासून हात वर करून बसलो आसा, तेका कोणी विचारूक नाय. आवाज आसलो की ह्यां दिसणा नाय." मी आजही कधीकधी टीव्ही मुका करून बघते. घरचे मला वेडी म्हणतात. माझी त्याला हरकत नाही.

ते काही नास्तिक, बंडखोर वगैरे नव्हते. कपाळाला रोज गंध असायचं. पण ‘हे असंच असतं’ असं कोणी म्हटलं की त्यांना राहवत नसे. एकदा डिचोलीत संस्कृती रक्षणाचा मोठा कार्यक्रम झाला. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी तासभर भाषण ठोकलं. परकीय ते सगळं फेकून द्या, आपल्या मंदिरांतली शुद्ध परंपरा टिकवा, असा एकूण सूर. भाषणाआधी ईशस्तवन झालं होतं. कार्यक्रम संपल्यावर पुंडलीकबाब वक्त्यांपाशी गेले आणि मंचावरच्या पायपेटीकडे बोट दाखवून अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, ही फेकूची काय ठेवूची? नाय म्हणजे, ही फिरंग्यांकडसून आयलेली. आमच्या देवळात हिच्याशिवाय भजन उभां रवणा नाय." वक्ते हसले आणि म्हणाले, तुम्ही विनोदी आहात. पुंडलीकबाब परत येताना गाडीत मला म्हणाले, "मी विनोद करूक नाय गो. माका खरांच जाणान घेवचां होतां." आणि ते खरंच होतं. प्रश्न विचारून माणसाला पाडायचं हा त्यांचा हेतू कधी नसे. उत्तर मिळालं नाही तर त्यांना चुटपुट लागायची.

हाच माणूस शहरातल्या शहाण्यांनाही सोडत नसे. पणजीच्या एका चर्चासत्रात कोणी विद्वान म्हणाले की खेड्यातला माणूस देवाचा कौल घेऊन निर्णय करतो, त्याला लोकशाही काय कळणार. पुंडलीकबाबांनी उठून विचारलं, तुम्ही मत कोणाला द्यायचं ते कशावरून ठरवता? विद्वान म्हणाले, वाचून, अभ्यास करून. "आनी तुमचे बापूय कोणाक मत देयत?" त्याच पक्षाला. "तेंचे बापूय?" सभागृहात हशा पिकला. विद्वानही हसले, हे त्यांचं मोठेपण.

निवडणूक आली की आमच्याकडे सगळे एकच विचारत, यंदा कोण येतलो? पानवाला विचारी, बसचा कंडक्टर विचारी. पुंडलीकबाब उलट विचारत, "आयल्यार तुका तेच्याकडसून काय जाय?" आपल्याला काय हवंय हे कोणी ठरवलेलंच नसे, त्यामुळे लोक गोंधळत. काही जण चिडत. एका हॉटेलवाल्याने तर, "पुंडलीकबाब, चाय घेवा आनी जावा," असं स्पष्ट सांगितलं होतं. तो पुढे पंचायतीत पंच झाला आणि पुंडलीकबाबांना बघून लांबूनच रस्ता बदलायचा.

घरी मात्र हा प्रकार चालत नसे. त्यांच्या पत्नी पद्माकाकी माझ्यापाशी तक्रार करत, "ह्यांका विचारलां, भात वाडू काय, तर म्हणतत, कित्या विचारतंस, उरलो आसा म्हणान काय माका भूक आसा म्हणान? मगे मी वाडणाच नाय. बसतत थोडो वेळ ताटाकडे बघत." पुंडलीकबाब हे ऐकून लाजल्यासारखे हसायचे.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते सांगत बसले तर हे लिखाण माझ्याविषयी होईल. एवढंच सांगते. माझे बाबा खनिजाच्या ट्रकांवर होते. खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या घरात एकच वाक्य होतं, खाण गेली म्हणजे गाव गेला. मी ते वाक्य तसंच बातमीत आणलं. पुंडलीकबाबांनी ते खोडलं नाही. त्यांनी मला शिरगावला पाठवलं, ज्यांच्या झरीचं पाणी खाणीने पळवलं होतं त्या बायकांकडे. तिथून मी आले ती ‘खाण आली म्हणजे गाव गेला’ हे दुसरं वाक्य घेऊन, आणि तितक्याच आवेशाने. तेही त्यांनी खोडलं नाही. "आता दोनूय जवळजवळ लिही," ते म्हणाले, "आनी तुज्या बापायक वाचून दाखव." मी दाखवलं. बाबांनी कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, शिरगावच्या बायका म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कोणी असं बोललं नव्हतं. हे पुंडलीकबाबांमुळे झालं आणि मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

ते निवृत्त होऊन गावी राहायला गेले तरी आमचं जाणं-येणं राहिलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पेडण्यातलं एक गाव, विमानतळापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

त्या गावच्या देवळात दरवर्षी उत्सवात संगीत नाटक होतं. मराठी नाटक. गोव्यातल्या बहुतेक गावांत होतं तसंच. पुरुष भूमिका गावचेच लोक करतात. ती देवाची सेवा. त्याचे पैसे कोणी घेत नाही, आणि सेवेला उभं राहायचा मान गावच्या घरांचा. बाईची भूमिका करायला मात्र बाहेरची नटी आणायची पद्धत. सावंतवाडीहून, फोंड्याहून, कुठूनही. तिला नारळ आणि पाकीट द्यायचं. तिचं नाव पुकारताना ‘खास बाहेरगावच्या कलाकार’ असं म्हणायचं.

त्या वर्षी ठरलेली नटी ऐन वेळी आजारी पडली. पेटीवाल्याला रेणुका आठवली. रेणुका ही मारुतीची मुलगी. मारुती महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, गावात भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड. रेणुका गावच्याच शाळेत शिकलेली, भजनाला पेटीवाल्याच्या मागे बसून गाणारी. तालमीत तिने पहिलं पद म्हटलं आणि राजाची भूमिका करणारे गृहस्थ आपलं वाक्य विसरले, असं मला नंतर कळलं.

कोणीतरी ते गाणं मोबाईलवर टिपलं आणि पसरवलं. दोन दिवसांत एका बातम्यांच्या पोर्टलवर मथळा आला, ‘गावच्या रंगमंचावर परप्रांतीय! ग्रामस्थ आक्रमक.’ पुंडलीकबाबांनी त्या पोर्टलवाल्याला फोन लावला, तेव्हा मी त्यांच्या सोप्यावर बसले होते.

"ग्रामस्थ आक्रमक म्हणतंस, कोण रे?"

पोर्टलवाला म्हणाला, खालच्या कमेंट बघा. पुंडलीकबाबांनी मला त्या एकेक वाचून दाखवायला लावल्या. नावं त्यांना ओळखीची होती. "हो दुबयक आसा. हो लंडनाक. ह्येणां जमीन इकान म्हापशाक फ्लॅट घेतलो. हेका मी ओळखणा नाय." शेवटी ते म्हणाले, "गाव सोडून गेले ते गावचे, आनी गावात रवता ती भायली. कायतरी चुकता मगे."

मजा म्हणजे नाटक मराठी. गावात घराघरांत बोलतात ती कोंकणी. सगळ्या संचात घरी मराठी बोलणारं बिऱ्हाड मारुतीचंच, आणि भायलीही तीच. पुंडलीकबाबांनी हे समितीच्या बैठकीत बोलून दाखवलं तेव्हा कोणाला हसावं की रागवावं ते कळेना.

उत्सव समितीचे अध्यक्ष सुभाषबाब. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. त्यांनी तोड काढली. रेणुकाने काम करावं, पण दरवर्षीच्या रीतीने तिला पाकीट द्यायचं आणि बाहेरगावची कलाकार म्हणून नाव पुकारायचं. आम्ही मारुतीच्या खोलीवर गेलो, तर त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. "मास्तर," तो पुंडलीकबाबांना म्हणाला, त्याला सगळेच मास्तर, "आम्ही पोटामागं आलेली माणसं. भांडाण नको. पोरगीला समजवा जरा, सकाळधरनं जेवली न्हाई."

रेणुका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती बापासारखं बोलत नसे, गावासारखं बोलत असे. "माका पाकीट नको," ती म्हणाली. "सगळे सेवा करतत, मी पण सेवा करतलंय. पाकीट देवचां आसात तर दुसरी कोणीय हाडा."

तिला समजवायला सांगितलेले पुंडलीकबाब तिला काहीही बोलले नाहीत. घरी परतताना मला म्हणाले, "पैसे देवन आणलेली भायली चलता. आपली म्हणान आयलेली चलणा नाय. ह्यां असां कित्या, तां मी बसान विचार करतंय."

नाटकाच्या दिवसापर्यंत काहीच ठरलं नाही. रेणुका तालमीला येत होती, सुभाषबाबांनी पाकीट तयार ठेवलं होतं, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. दहानंतर कर्णे बंद करावे लागतात म्हणून हल्ली नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. मी तिथं पोचले तेव्हा मांडव भरला होता. पडद्यामागे रेणुका राणीच्या वेशात रंग लावून बसली होती. बाहेरगावची म्हणून नाव पुकारलं तर ती जागेवरून उठणार नाही असं तिने पेटीवाल्याला सांगितलं होतं. पेटीवाला घामाघूम.

नाटकापूर्वी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घराकडे. पुंडलीकबाब धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे राहिले. तो काटकुळा माणूस गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याचा आवाज कुठून येई कोण जाणे.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या दारात तुजी लेकरां जमली आसत, तेंचो मान करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोटापाण्याक गाव सोडून भायर गेलेल्या पोरांक सुखात ठेव, सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं परदेशी असलेल्या घरांचा आवाज इथे चढला.

"आनी पोटापाण्याक हय आयलेल्या मारुतीची रेणुका, ह्याच गावची लेक म्हणान आज तुजी सेवा करता, तिका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा मांडव म्हणाला. त्याच सुरात, त्याच ठेक्यात. सुभाषबाबही म्हणाले, मी त्यांच्याकडेच बघत होते. म्हटल्यानंतर क्षणभराने त्यांचा चेहरा बदलला. आणखीही काही माना वळल्या. पण देवासमोर व्हय म्हणून झालं होतं, ते मागे घेता येत नाही. मारुती मागच्या खांबापाशी हात जोडून उभा होता, त्याला काय झालं ते नीट कळलंही नव्हतं. मी मनात म्हटलं, जिंकले पुंडलीकबाब. आता नारळ फोडला की झालं.

त्यांनी नारळ वर केला. आणि तसाच खाली घेतला.

"लोकांनू," ते म्हणाले, आता आवाज रोजचा, "तुमी आता कशाक व्हय म्हणालास?"

मागे एक पोरगं खुदकन हसलं.

"तुमी आयकूकच नाय. दरवर्सा म्हणतास तसां म्हणालास. आनी माका तां म्हायत होतां, म्हणानच मी मधी घातलंय. तां बरां नाय. मी परत सांगतंय. आयका. पटलां तर व्हय म्हणा. नाय पटलां तर गप रवा. गप रवल्यार देव रागावचो नाय."

हातात आलेलं सगळं हा माणूस परत देत होता. आणि देत होता कोणाचं? त्या पडद्यामागे बसलेल्या मुलीचं.

त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मारुतीची रेणुका. ह्याच गावची लेक. आज तुजी सेवा करता.

मांडवात कोणीही बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. पुंडलीकबाब नारळ धरून उभे, नजर देवाकडे.

मग पडद्यामागून खणखणीत, नाटकी आवाज आला, "व्हय म्हाराजा!" राजा होता तो. मिशा लावून बसलेला, आत. लोक हसले. हसताहसता डावीकडून दोन-तीन पुरुष व्हय म्हणाले. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला. गाऱ्हाण्याला बायका सहसा ओ देत नाहीत, पण ती बाई म्हणाली आणि तिच्या शेजारचीही म्हणाली. इथून एक, तिथून एक. एका सुरात नाही, ठेक्यात तर नाहीच. पहिल्या वेळच्या निम्मेही नसतील. बरेच लोक खाली बघत गप्प राहिले. सुभाषबाब गप्प राहिले.

"पुरे," पुंडलीकबाब म्हणाले. "ह्यां थोडां आसा, पण आयकान आसा." आणि त्यांनी नारळ फोडला.

पात्रांची नावं पुकारायचं काम सुभाषबाबांचं. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. राजाचं नाव पुकारलं, प्रधानाचं पुकारलं. मग थोडे थांबले. "राणीच्या भूमिकेत, रेणुका," एवढंच म्हणाले. ‘आमची’ असं म्हणाले नाहीत, ‘बाहेरगावची’ असंही म्हणाले नाहीत. पाकीट त्यांच्या खिशातच राहिलं.

पडदा वर गेला तेव्हा रेणुका जागेवर उभी होती. दुसऱ्या अंकात एका पदाला तिला वन्स मोअर मिळाला, आणि तो देताना ती एक कडवं विसरली. पेटीवाल्याने सावरून घेतलं.

त्या रात्री मी परबांकडेच राहिले. सकाळी सोप्यावर बसून बातमी लिहिली आणि पुंडलीकबाबांना वाचून दाखवली. मी लिहिलं होतं, ‘संपूर्ण गावाने एकमुखाने रेणुकाला आपली मानले.’

"एकमुखान?" ते म्हणाले. "तू खय होतंस गो काल?"

मी चिडले. म्हटलं, "पहिल्यांदा एकमुखानेच म्हणाले होते ना? तुम्हीच घालवलंत. ती मुलगी आत बसून ऐकत होती. कोणीच व्हय म्हटलं नसतं तर तिने काय करायचं होतं?"

पद्माकाकींनी चहा आणून ठेवला, तो पुंडलीकबाबांनी बाजूला सरकवला. "तां माका म्हायत नाय," ते म्हणाले. "माका भय दिसलां. खूप. पण बाय, लोक आयकनत नाय, आनी कोणतरी तेंच्या तोंडात आपलां घालून तेंच्याकडसून व्हय म्हणून घेता. टीव्हीवाले करतत, पुढारी करतत. जल्मभर मी तेच्यावर बोललंय. आनी काल मियांच तां केलां. माका तां थयच्या थय कळलां, म्हणान परत विचारलां. लोकांक फसवून मिळालेली जागा तिका पुढल्या वर्सा कोणी दिवची नाय."

मी ‘एकमुखाने’ खोडलं. त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. "गप रवलेले लिही. तेंका इसरू नको. तेंच्यातल्या कोणाकडे गेलंस?"

मी गेले नव्हते. म्हणून माझ्या स्कूटरवर मागे बसून ते मला सुभाषबाबांकडे घेऊन गेले.

सुभाषबाब दारातच होते. चेहरा आखडलेला. भांडायला आलोत असं त्यांना वाटलं असावं. पुंडलीकबाब पायरीवर चपला काढून म्हणाले, "सुभाष, तू काल गप रवलंस. कित्या, तां माका सांग. मी उत्तर देवक येवक नाय."

सुभाषबाबांनी आधी चहा सांगितला. मग इकडचं तिकडचं बोलले. मग त्यांना सांगायचं ते सापडलं.

"माका कोणी विचारूकच नाय, पुंडलीकबाब," ते म्हणाले. "जमनी गेल्यो. विमानतळ आयलो, तेच्या मागसून दिल्लीवाले आयले. माज्या शेजारच्या घरात कोण रवता माका म्हायत नाय, गेटार कॅमेरो लावलो आसा. माजो पोरगो लंडनाक हॉटेलात आयदनां-भांडी धुता. तो परत येवचो नाय, माका कळता तां. काल तुमी म्हणालास सुखरूप घराक हाड, तेव्हा मी मोठ्यान व्हय म्हणालंय. नाटक तेव्हडां उरलां होतां, बगा. तां तरी आमचां रवांदी, इतकांच माका जाय होतां. त्या पोरीचो माका राग नाय. बरां गाता ती."

पुंडलीकबाबांच्या तोंडावर प्रश्न आलेला मला दिसला. मान पुढे झाली, ओठ उघडले. आमचां म्हंजे कोणाचां, हेच ते विचारणार, मी पैज लावली असती. पण त्यांनी ओठ मिटले. खुर्ची पुढे ओढली आणि सुभाषबाबांच्या अगदी समोर नेऊन ठेवली.

सुभाषबाब बोलत राहिले. मुलाचं, जमिनीचं, त्यांच्या वडिलांनी त्याच रंगमंचावर केलेल्या कामांचं. मला अकराच्या आत साखळीला कार्यालयात पोचायचं होतं. मी खूण केली तर पुंडलीकबाबांनी हातानेच सांगितलं, तू जा. दुपारी त्यांनी फोनवरून मला सुभाषबाबांचं म्हणणं सांगितलं, वाक्यामागून वाक्य, त्यांच्याच शब्दांत. मी ते तसंच छापायला दिलं. आजवर मी लिहिलेल्या बातम्यांपैकी मला जपून ठेवावीशी वाटते ती हीच.

त्यानंतरच्या गणेशचवथीच्या आधी पुंडलीकबाब गेले. झोपेतच गेले, पद्माकाकींनी सकाळी चहाला हाक मारली तेव्हा कळलं. मधल्या काळात फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहूनच गेली. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं. फाटकाशी स्कूटर वळवताना मी मागे बघितलं. सुभाषबाब डोळे पुसत होते. पुंडलीकबाब गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून त्यांच्यासमोर बसले होते आणि काहीही विचारत नव्हते.